बंगल्याचं कोहळं

खेमसिंग अंगणात कोहळ्याला दात पाडत बसला होता आणि ते पाहून सोनीबाईचं डोकं सणकत होतं.

खेमसिंग मिशनच्या बंगल्यावर माळी. तिथल्या गोऱ्या मॅडमनं सकाळी त्याला कागदावर चित्र काढून दिलं होतं. दोन डोळे, एक नाक, वाकडेतिकडे दात. आतला गर काढायचा, मेणबत्ती ठेवायची आणि दिवेलागणीच्या आत कोहळं बंगल्याच्या व्हरांड्यात पोचवायचं. मॅडमच्या मुलखात ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला म्हणे भुतांची रात्र असते. पोरं सोंगं घेऊन घरोघरी फिरतात आणि खाऊ मागतात.

"अन् आपलं कोहळं कोठी हाय?" सोनीबाईनं विचारलं.

"मले काय इचारतं? तुले ठाऊक हाय."

ठाऊक होतंच. मागच्या अमावास्येला नजर लागू नये म्हणून तिनं दारावर कोहळं टांगलं, तर दुसऱ्या दिवशी वामनराव मास्तर आले. शाळा तेच घेत आणि रविवारी उपदेशही तेच करत. त्यांनी स्वतःच्या हातानं कोहळं उतरवून उकिरड्यावर फेकलं. "बाप्तिस्मा घेतला नं तुमी? मंग हे सैतानाचे चाळे कायले?" सोनीबाईनं दारावरची रिकामी दोरी सोडून घेतली होती.

पण यंदा ती एकतीस तारीख नेमकी दिवाळीच्या अमावास्येला आली. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात पोरींची लगबग सुरू झाली होती. दोन वर्षांपूर्वी मिशनच्या कंपाउंडात येईपर्यंत खेमसिंग आणि सोनीबाईचं घर तिथेच होतं. या संध्याकाळी तांड्यातल्या कुवार पोरी ताटलीत दिवा घेऊन दारोदार 'मेरा' मागतात. थोरामोठ्यांनी तोंडभरून आशीर्वाद द्यायचा आणि ताटलीत काहीबाही टाकायचं. लग्न झालं की पोरीचा हा मान संपला.

त्यांच्या लेकीला, जमनीला, बारावं लागलं होतं. जूनमध्ये मिशन तिला यवतमाळच्या बोर्डिंगात धाडणार होतं; परतायची ती थेट लग्नालाच. यंदा नाही तर मग कधीच नाही.

"याडी, जाऊ दे नं व," असं म्हणत ती सकाळपासून आईचा पदर ओढत होती. कंपाउंडातल्या पोरींनी मेऱ्याला जायचं नाही, असं मास्तरांनी रविवारीच बजावलं होतं.

तेवढ्यात मास्तर स्वतःच दारात उभे राहिले.

"झालं का, खेमसिंग? मॅडम वाट पाहून राह्यल्या."

"मास्तर," सोनीबाई मध्येच बोलली, "भुतायच्या नावानं दिवा लावलेला चालते काय?"

"तो त्यायचा खेळ हाय, बाई. लेकरायची मजा. त्यात पूजा नाय."

"मंग मेऱ्यात कोणती पूजा हाय? पोरी म्हाताऱ्यायचा आशीर्वाद घेतेत."

"त्यायचं निराळं."

"निराळं कसं?"

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि लगबगीनं बंगल्याकडे निघून गेले.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! सोनीबाई तणतणत घरात शिरली. तिनं पत्र्याची पेटी उघडली. तळाशी जमनीसाठी आजीनं शिवलेला लाल फेट्या म्हणजे घागरा होता, चोळीसारखी आरशांची काचळी होती, ओढणी होती. कंपाउंडात आल्यापासून पोरीच्या अंगावर मिशननं दिलेला निळा फ्रॉकच असे. सोनीबाईनं तो उतरवला आणि खुंटीला टांगला. फेट्या आता जरा आखूड होत होता. तिनं ओढणी नीट केली, ताटलीत दिवा लावला आणि पोरीच्या हातात दिला.

"कोठी चाललं हे?" खेमसिंग कोहळं घेऊन उठला होता.

"बंगल्यावर. घरोघरी जाची रात हाय नं आज? पह्यलं घर मॅडमचं. तिथून तांड्यात."

"माही नोकरी घालवतं काय?"

"तू त्यायचा दिवा नेऊन राह्यला, मी माहा नेतो. चाल."

व्हरांड्यात मॅडमची दोन पोरं पांढऱ्या चादरी पांघरून हुंदडत होती. चादरींना डोळ्यांपुरती भोकं पाडली होती. खेमसिंगनं कोहळं पायरीवर ठेवलं. मॅडमनं आत मेणबत्ती लावली, तसे त्यानं पाडलेले दात पिवळे पेटले. कंपाउंडातल्या चार घरांची माणसं कौतुकानं पाहत होती. मास्तर सगळ्यांत पुढे उभे होते.

जमनी पायऱ्या चढली. तिनं ताटली वर धरली आणि तांड्यातल्या पोरी घरोघरच्या आयाबायांना म्हणतात तसं मॅडमला म्हणाली, "याडी, तोन मेरा."

मॅडमनं आनंदानं टाळ्या वाजवल्या. "अरे वा! किती सुंदर सोंग आहे हे! तू कोण झाली आहेस, बाळ?"

आणि तिनं ताटलीत मूठभर गोळ्या टाकल्या. मास्तरही हसून मान डोलवू लागले.

जमनी गोंधळली. तिनं आधी स्वतःच्या फेट्याकडे पाहिलं, मग आईकडे. "मी तं जमनीच हाय," ती हळूच म्हणाली. त्यावर सगळे हसले.

सोनीबाई हसली नाही. ती पायरीशी आली आणि तिनं पोरीचा हात धरला.

"हे सोंग नाय, मॅडम. सोंग उद्या सकाळी घालीन तिले. खुटीले टांगून ठेवलं हाय."

दिवा विझू नये म्हणून ताटलीवर पदर धरून ती पोरीला घेऊन नाल्याच्या वाटेला लागली.

मॅडमला तिची बोली कळली नव्हती. "मास्तर, ती बाई काय म्हणाली?" तिनं हसतच विचारलं.

वामनरावांनी घड्याळ पाहिलं.