उजव्या डोळ्याला गुण

कोंडाजीने आवडीबाईच्या हातांना झाडाच्या सालीचा लगदा कोपरापर्यंत चोळला आणि वरून चुन्याचं पाणी ओतलं. खालच्या परातीत पिवळंजर्द पाणी उतरलं.

"बघा, कावीळ निघतेय," तो म्हणाला.

ओटीवरच्या माणसांनी माना लांब करून बघितलं. सून ललिता मात्र पदर नाकाला लावून बसली होती. मघाशी याच परातीत एका ट्रक ड्रायव्हरचे हात धुतले होते, त्याआधी एका तान्ह्या मुलीचे. मधे परात नुसती हिसळली होती. ओतलेल्या पाण्यावर माश्या घोंगावत होत्या. हात पुसायचं फडकं सगळ्यांना एकच. तिघांचंही पाणी एकाच रंगाचं. धडधाकट माणसाचे हात धुतले तर कुठला रंग येईल, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

तिच्या मांडीवर फाईल होती. साडेअकराला कर्जतमध्ये सोनोग्राफीचा नंबर होता आणि दहा वाजून गेले होते. कळंबहून निघाले ते त्यासाठीच, पण तिच्या नवऱ्याने, दशरथने, रिक्षा कर्जतवरून तशीच पुढे कुंभिवलीला काढली. आधी उतारा करून घेऊ, मग बघू, म्हणाला.

सहा वर्षांपूर्वी आवडीबाईच्या उजव्या डोळ्यात गाठ निघाली, तेव्हा मुंबईत तो डोळाच काढला होता. डॉक्टरांनी तेव्हाच मायलेकांना समोर बसवून सांगितलं होतं, की या गाठीचे कण रक्तातून आधीच निघून गेले असतील तर ते लिव्हरमध्ये जाऊन बसतात आणि पाच-सात वर्षांनीही डोकं वर काढतात. म्हणून दर सहा महिन्यांनी पोट तपासायचं. दशरथने दोन वर्षं नेलं. मग त्याला एक वाक्य सुचलं. जिथं डोळाच नाय, तिथं डोळ्याचा कॅन्सर कसा काय? ते त्याने नाक्यावर, लग्नात, जिथे तिथे ऐकवलं. माणसं हसायची. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून ते खरं ठरलं.

आता पंधरा दिवस म्हातारी पिवळी पडत होती. अंघोळ घालताना उजव्या बरगडीखाली ललिताच्या हाताला काहीतरी टणक लागलं होतं. तिने ते रात्री नवऱ्याला सांगितलं. गॅस असंल, तो म्हणाला.

कोंडाजीने लगद्याची बोटं लुंगीला पुसली आणि त्याच बोटांनी आवडीबाईच्या खालच्या पापण्या ओढून तिचं तोंड उजेडाकडे केलं. ललिताने पदर नाकाशी आणखी घट्ट धरला. डावा डोळा हळदीत बुडवल्यासारखा होता.

कोंडाजी उजव्याशी थांबला. त्याचा चेहरा उजळला.

"हा बघ रं दशरथ. दुधासारखा. एका धुण्यात उतरली. डाव्याला अजून दोन रविवार लागतील. तवर तेल नाय, तिखट नाय, आन डाक्टर तर नायच नाय."

ओटीवर समाधानाची कुजबुज झाली. एका बाईने हात जोडले.

दशरथने मान डोलावली. नुसती डोलावली नाही, वळून ललिताकडे बघितलं, कशी जिरली म्हणून. मुंबईला तो नकली डोळा बसवताना रंग जुळतो की नाही ते बघायला आईशेजारी हाच बसला होता.

बसवलेल्या डोळ्याची गोष्ट सासूने सहा वर्षं शेजारणीलासुद्धा कळू दिली नव्हती. रविवारी दार लावून तो काढायचा, ललिताने उकळून गार केलेल्या पाण्यात धुवायचा, पुन्हा बसवायचा. एवढ्या माणसांत सुनेने ते कसं बोलायचं?

आवडीबाईने हात स्वतःच्या पदराला पुसले. सगळ्यांच्या देखत उजव्या डोळ्याखाली अंगठा दाबला. शिंपल्यासारखा डोळा तळहातावर आला. तिने तो कोंडाजीसमोर परातीत सोडला.

"आता ह्यो धू," ती म्हणाली. "सहा वर्सं असाच पांढरा हाय."

कोंडाजीने हात मागे घेतला. जोडलेले हात सुटले. दशरथ परातीकडे बघत राहिला.

"ऊठ गं ललिता. नंबर जाईल," आवडीबाई म्हणाली.

ललिताने पदर नाकावरून काढला आणि बांगड्या वर सारल्या. त्या पाण्यात सालीचा चोथा होता, चुन्याचा गाळ होता, कुणाकुणाच्या नखांतला मळ होता. तिने हात मनगटापर्यंत आत घातला आणि तळ चाचपडत डोळा शोधला. फडक्याला नाही, आपल्या पदराला पुसला.

तिची बोटं पिवळी झाली होती. तळहातावरून तो डोळा दशरथकडे बघत होता, लख्ख पांढरा.