लंकाबाईचा पेला

उज्वलाने बोलायला सुरुवात केली तेव्हा पाड्यावरची निम्मी माणसं जांभया देत होती. तिलाही जांभई आली. ती तिने ओढणीत दडवली.

भूकंपाच्या भीतीने कडाक्याच्या थंडीत महिनाभर उघड्यावर झोपलेली माणसं ती. आणि उज्वला सुरगाण्याकडचे पाडे पालथे घालून दमलेली. भूगर्भशास्त्र शिकायला घेतलं तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं, की पुढे ‘घरात झोपा’ एवढंच सांगत गावोगाव फिरावं लागेल.

“समोरचा डोंगर बघा,” ती म्हणाली. “पायऱ्या दिसतात ना? एकेक पायरी म्हणजे तापलेल्या रसाचा एकेक लोंढा. जमीन फाटली, रस वाहिला, थिजला. मग त्यावर दुसरा. आपण त्याच थरांवर बसलोय. पावसाचं पाणी त्यांच्या भेगांत उतरतं, आत दाब वाढतो, खडक जरासा सरकतो. मग गुरगुर ऐकू येते, भांडी वाजतात. हळूहळू सगळं शांत होतं.”

तिने नेहमीची गंमत काढली. “जमीन स्थिर असते असं आपल्याला वाटतं. पण आपली नखं वाढतात ना, साधारण तेवढ्या वेगानं आपला सगळा देश उत्तरेला चाललाय.”

“आमाला न इचारताच?” म्हातारा कारभारी म्हणाला, आणि लोक जरा हसले.

अडचण वेगळीच होती. शाळेत ठेवलेल्या यंत्रावर दिवाळीनंतर एकही धक्का नोंदला गेला नव्हता. लंकाबाईचा पेला मात्र रोज पडत होता.

धक्के सुरू झाले तेव्हा घरोघरी तांब्या पालथा घालून त्यावर पेला उभा केला गेला. जमीन हलली की पेला खाली, आणि खणखणाट ऐकून माणसं बाहेर. मोठ्या धक्क्याच्या दिवशी पहिला पेला लंकाबाईचा पडला. तिने आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि लगेच शेजारच्या सुलाबाईच्या घराची भिंत कोसळली. तेव्हापासून इतरांनी आपापले पेले कंटाळून फडताळात ठेवले, पण लंकाबाईच्या पेल्यावर पाड्याचा भरवसा बसला. रोज दिवेलागणीला माणसं घरात जायच्या बेतात असायची, आणि तिच्या घरातून खणकन आवाज यायचा. पुन्हा सगळ्यांची अंथरुणं अंगणात.

आता सुलाबाईचा नातू छातीत कफ दाटून दवाखान्यात होता. हे आजच थांबवायला हवं होतं.

“मॅडम, आमच्या आईला तुमीच समजवा,” लंकाबाईचा मुलगा यादव म्हणाला. “लय झालं हे.” सकाळपासून तोच धावपळ करत होता. खुर्ची आणली, यंत्राची बॅटरी शाळेपर्यंत उचलून नेली. निदान एक तरी समंजस माणूस भेटला, म्हणून उज्वलाला हायसं वाटलं होतं.

यादवची बायको स्नेहल कोरा चहा घेऊन आली. सगळ्या पाड्यात तेवढाच एक चेहरा टवटवीत होता.

“तुला बरी झोप लागते बाहेर?”

“लय गाढ,” स्नेहल हसली. तिच्या कपाळावर भरत आलेली खोक होती.

“हे धक्क्यात लागलं?”

“फळी पडली अंगावर,” यादव म्हणाला. स्नेहल रिकामे पेले गोळा करून निघून गेली.

उज्वला चारचौघांना घेऊन लंकाबाईच्या घरात शिरली. तांब्यावर पेला ठेवला. यादवला शेजारी उड्या मारायला लावल्या, दार दाणकन आपटलं. पेला डुगडुगला, पण पडला नाही.

“मांजराचा धक्का लागत असेल,” ती बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाली. म्हातारीला चारचौघांत उघडं पाडणं तिच्या जिवावर आलं. “पुढे कधीच हलणार नाही असं मी सांगत नाही. पण आत्ता यंत्र शांत आहे, घरंही मी पाहिलीत. सुलाबाईंचं सोडून बाकी सगळी धड आहेत. आजपासून घरात झोपा.”

“यंत्र चुकत नाय का?” लंकाबाईने विचारलं.

“पेल्यापेक्षा कमी चुकतं.”

सगळे हसले. लंकाबाई हसली नाही.

अंगण बघता बघता मोकळं झालं. सुलाबाईला कारभाऱ्याने आपल्या घरात जागा दिली. तिने जाता जाता उज्वलाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि कितीतरी दिवसांनी उज्वलाला आपल्या नोकरीचं बरं वाटलं. ऊन उतरत होतं. अंगणात स्नेहल तेवढी उरली होती. तिने गोधडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. यादवने ती तिच्या हातातून घेतली. “चल,” म्हणाला. ती त्याच्यामागून आत गेली.

लंकाबाई ओट्यावर पेला मांडीत घेऊन बसली होती. उज्वला तिच्याजवळ टेकली.

“आता खरं सांगा. पेला तुम्हीच पाडत होता ना?”

लंकाबाईने होकारार्थी मान हलवली.

उज्वलाला रागच आला. “अहो, एक लेकरू दवाखान्यात आहे! सगळा पाडा महिनाभर काकडला. एवढी कसली भीती? अजून जमीन हलेल, घर पडेल म्हणून?”

“जमिनीला कोन भितो?”

मागे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. आतून कडी लागली. लंकाबाईने पेला घट्ट धरला.

“भाईर समद्या पाड्यासमोर यादवचा हात उठत नव्हता, ताई.”