उलटी विहीर
१४ मे २०२४, सकाळी साडेदहा. मारेगावच्या आमच्या पाणलोट संस्थेत सहा सभासद जमले होते. ऑनलाइन वार्षिक अहवाल लोकांना कळतो का, हे मी तपासत होतो. विहिरीत पाणी जमिनीपासून किती खाली आहे, हे दाखवणारे आलेखातले स्तंभ दरवर्षी आखूड होत गेले होते. पाच जण म्हणाले, “पानी कमी झालं. मंग श्रमदान कायले करा?” वास्तविक पाणी वर आले होते. मी समजावणार, तोच सत्तरीच्या तानाबाईंनी मोबाइल उलटा धरला. स्तंभ वरून खाली लोंबू लागले. “मास्तर, तुमी विहीर उलटी काढली नं! वर जमीन, हा दोर. दोर आखूड लागते, म्हंजे पानी जवळ आलं.” मी थक्क झालो. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे आरेखन शिकवलेल्या मला पडद्यावर विहीर प्रथमच दिसली. आलेख तसाच उलटवला. मग तो दुसऱ्या बारा सभासदांना दाखवला. अचूक वाचणारे: बारा.