हिरवा पुडा
तैपेईतल्या आमच्या लॅबमध्ये कॅन्सर शोधणाऱ्या कॉम्प्युटरवर खाऊचा हिरवा पुडा ठेवतात, म्हणजे तो शहाण्यासारखा वागतो. नवख्या यी-रोंगने मात्र हट्ट धरला, “उत्तर माहीत असलेला नमुना घालून बघू.” प्रमुख हसले. “अगं पोरी, महिन्यापूर्वी पुडा बदलल्यापासून तो एकदा तरी कुरकुरलाय का?” तिने कॅन्सरनेच गेलेल्या रुग्णाचा जुना नमुना घातला. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. प्रमुखांचं हसू मावळलं. तिने मधला एकेक टप्पा उघडला. दुसऱ्याच टप्प्यातून रिकामी फाईल पुढे जात होती. रिकाम्या फाईलमध्ये कॅन्सर सापडणार कुठून? “म्हणजे महिन्याभरातले सगळेच...” प्रमुख रिपोर्टांची यादी उघडू लागले. तेवढ्यात माझा फोन वाजला. “अरे, आहेस कुठे?” आई म्हणाली. “माझा रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळे जेवायला जमलेत. बदक मागवलंय. तुमच्या त्या गुणी कॉम्प्युटरसाठी नवा हिरवा पुडाही आणलाय!”