पाचवं झुरळ

कोसळलेल्या इमारतीखालून द्वारकाबाईंना बाहेर काढताच बचावपथकाचा साहेब त्यांच्यावर खेकसला, "मावशी, तुम्हाला शोधायला सोडलेली तीन झुरळं तुम्ही चपलेनं चिरडलीत! काडीएवढ्या फटीतून चपटं होऊन शिरणारं दुसरं कोण आणू? पाठीवरच्या कॅमेऱ्याचा दिवा दिसला नाही?"

"दिसला ना! म्हणून तर नेम चुकला नाही," द्वारकाबाई कडाडल्या. "दिवा लावला की झुरळाची लक्ष्मी होते का? सोडण्याआधी एका तरी बाईला विचारलंत? चौथ्याच्या वेळी चप्पल हातातून निसटली, म्हणून वाचले!"

शेजारची मालन अजून आतच होती. साहेबानं पाचवं झुरळ सोडलं, तशा द्वारकाबाई स्ट्रेचरवरून उतरल्या आणि फटीला तोंड लावून ओरडल्या, "ए मालन, हातातली चप्पल टाक आधी!"