तलवारीचा हात

"डावा," सुगंधा म्हणाली, आणि ओसरीवरची मंडळी तिच्याकडे पाहायला लागली.

पोरगी पाहायला पाहुणे आले की पोरीने मान खाली घालून बसायचं, विचारतील तेवढंच सांगायचं, असा कुरखेड्याकडचा रिवाज. सुगंधाने तो बराच वेळ नीट पाळलाही होता. पण नवरदेवानेच घोळ केला. सैपाकपाण्याचं काही न विचारता मुखरूने एकदम विचारलं होतं, "शिनेमा पाहता का?" आणि पोरीची मान जी वर आली, ती पुन्हा खाली गेलीच नाही.

मुखरूला सिनेमाचं वेड होतं. धान कापून झालं की चांद्याकडून फिरता सिनेमा यायचा आणि बाजाराच्या मैदानात तंबू ठोकायचा. बिडीचा धूर, ओल्या कापडाचा वास आणि मशीनची घरघर. काय दिवस होते ते! तंबू गेला तरी मुखरूचा सिनेमा संपत नसे. पण बोलायचं कुणाशी? लाकडाच्या डेपोतले सोबती सागाच्या जाडीपलीकडे काही बोलत नसत, आणि आई गुणाबाई अर्ध्या खेळातच घोरायला लागे. त्याला बायको हवी होती ती सिनेमावर बोलणारी. बाकी सगळं आईने पाहून घ्यावं.

आणि इथे ती सापडली होती. नुकताच येऊन गेलेला तलवारीचा सिनेमा दोघांनीही पाहिला होता. त्याला त्यातला घोडा आवडला होता, तिला म्हातारी दासी. गाणी उगाच लांबवलीत, यावर दोघांचं एकमत झालं.

"राजकन्या रडते ते खोटं वाटते," ती म्हणाली. "दासी रडते ते खरं."

मुखरूला हे कधी सुचलंच नव्हतं. तो इतका हरखला की समोरच्या चहावर साय धरली. गुणाबाई आणि पोरीचा बाप डोमाजी एकमेकांकडे पाहून हसले. सोयरीक जुळल्यात जमा होती.

मग कौतुकानेच मुखरूने पुलावरची लढाई काढली. राजपुत्र एका हाताने राजकन्येला सावरतो आणि दुसऱ्या हाताने तलवार चालवतो. तो तलवारीचा हात कोणता?

आणि सुगंधा म्हणाली, डावा.

मुखरू हसला. "उजवा. नीट आठवा."

"डावाच. म्या सोता पाह्यलं."

"बरं, सुरवातीले पडद्यावर नावं येते. ते वाचले काय? तुमी तं चौथी पास हाव."

"ते तेलगूत व्हते," सुगंधा म्हणाली.

मुखरूचा चेहरा पडला. नावं चांगली हिंदीत होती. शेजारच्यांना त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली होती. त्याला राग आला त्याहून जास्त वाईट वाटलं. हवं ते हाताशी आलं आणि नेमकं पोकळ निघालं. तो उठला आणि आईला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हिनं शिनेमा पाह्यलाच नाई. कोनाचं तरी आयकून सांगून राह्यली."

खोटारडी हा शब्द त्याने उच्चारला नाही. पण तो गावभर झाला. सुगंधाला पाहायला येणार होते त्या दुसऱ्या पाहुण्यांनीही परस्पर निरोप पाठवला की आता येत नाही. पोर घराबाहेर पडेना. डोमाजीला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

इकडे मुखरूलाही चैन नव्हतं. दासीच्या रडण्याचं ते बोलणं काही केल्या डोक्यातून जाईना. ऐकीव गोष्टीवर माणूस असं बोलेल कसं?

तंबू परतीच्या वाटेवर पुन्हा बाजारात उतरला, तोच सिनेमा घेऊन. दिवेलागणीच्या खेळाला गुणाबाई आपली घोंगडी मुखरूपाशीच विसरली, म्हणून ती द्यायला तो बायांकडे गेला. बायांची बसायची जागा पडद्यामागे असे. पडद्यावर पाणी मारलं की चित्र आरपार दिसे, म्हणजे गडी इकडून बघत आणि बाया तिकडून. मुखरू उभ्या जन्मात तिकडे गेला नव्हता. आईच्या हाती घोंगडी देऊन त्याने सहज वर पाहिलं. नावं सरकत होती, आणि त्याला एक अक्षर लागेना. सगळी उलटी.

"ए भाऊ, बस ना खाली!" बाया ओरडल्या. तो बसला नाही. कडेला सरकून बांबूला टेकून उभा राहिला, तो थेट पुलावरच्या लढाईपर्यंत. राजपुत्राने सपकन तलवार उपसली. डाव्या हाताने.

मुखरूला आपली भयंकर लाज वाटली. चार माणसांत आपण त्या पोरीला काय बोलून बसलो! आता ती आपलं तोंड तरी पाहील का, या धास्तीने त्याला झोप आली नाही.

सकाळीच सायकल काढून तो डोमाजीच्या ओसरीवर हजर झाला. डोमाजीने पाणी पुढे केलं. मुखरूने ते घेतलंही नाही.

"डोमाभाऊ, माहं चुकलं. पोरगी खरं बोलली व्हती. डावाच हात व्हता."

डोमाजी काही बोलणार, तोच दाराआडून सुगंधाचा आवाज आला. "नाई. उजवाच व्हता. तुमचंच खरं."

मुखरू गोंधळला. "आता काऊन पलटता? काल म्या बायांइकडं उभं राहून सोता पाह्यलं!"

सुगंधा दाराबाहेर आली. डोमाजी गालातल्या गालात हसत होता.

"अन् म्या बाबाचा फेटा बांधून गड्यांत बसून पाह्यलं."