नव्या प्रोसेसरचा कौल

"चोवीस कोर?" निलेशने विचारलं.

देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या होत्या. थोड्या वेळाने डावी पडली. डावी म्हणजे नाही.

"जरा वर जा," शिवा गुरव म्हणाला.

"असा देव म्हणता?"

"नाय तर काय मी म्हणतंय, मेल्या? माका कोर म्हणजे काय ता तरी म्हायत आसा?"

निलेश वर गेला. सव्वीसलाही डावी. शिवाने पाकळ्या पुन्हा पाण्यात बुडवल्या, एक जरा जास्त वेळ, एक जरा कमी, आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, नव्या प्रोसेसरात अठ्ठावीस कोर आसती, तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" निलेश एकटाच ओरडला.

उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली.

निलेशचा 'येतलो', म्हणजे 'येणार', नावाचा चॅनल होता. बाजारात न आलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरविषयी तो आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या खोलीत बसून बोलायचा. आलेल्या प्रोसेसरविषयी बोलायला त्याच्याकडे आलेला प्रोसेसर नव्हता. परदेशातले लोक आलेख काढून, फुटलेले फोटो मोठे करून अंदाज बांधायचे आणि तोंडावर आपटायचे. निलेशचे अंदाज मात्र गेल्या वर्षीपासून तंतोतंत उतरत होते. खाली लोक विचारायचे, भावा, तुझा माणूस कोण आहे आतमध्ये? निलेश लिहायचा, आतमध्ये नाही, गाभाऱ्यात आहे. लोक हसण्याची चित्रं टाकायचे.

कौल मिळवायला एकच अडचण होती. हरवलेल्या म्हशीचा कौल शिवा उभ्या उभ्या द्यायचा. प्रोसेसरचा प्रश्न आज सांगायचा आणि कौलाला उद्या यायचं.

"देवाक ह्यो विषय नवीन आसा," शिवा म्हणायचा. "तेका वायच विचार करूक नको?"

निलेशला ते पटलं होतं. त्याला स्वतःलाही विषय समजायला दोन वर्षं लागली होती.

खरं तर त्याला शिवाचं सगळंच पटवून घ्यायचं होतं, कारण शिवाची मुलगी तन्वी. ती बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिथे नक्की काय करते, असं निलेशने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "तुका सांगू? मगे सांजेपर्यंत अख्ख्या जगाक कळात. सही करून दिलंय मी, कामाचा बोलूचा नाय." निलेशच्या वर्गातले निम्मे लोक पुण्या-बेंगळुरूत होते. सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या आणि सगळेच कुठल्यातरी बँकेचं काहीतरी करत होते. तो पुन्हा विचारायच्या फंदात पडला नाही.

शिवाची लग्नाला ना नव्हती. ना होती तन्वीच्या आईची, शेवंतीकाकीची.

"चेडू माझा इंजिनेर," ती अंगणात काजू सोलता सोलता म्हणाली, "आणि जावय करता काय? तर जी वस्तू जगात नाय, तिच्यार बडबड. नोकरी दाखव नि चेडू ने."

"गावतली गो काकी. मुंबयची एक मोठी वेबसाइट घेवक तयार आसा. म्हणतत, ह्या येळचो अंदाज बरोबर इलो की नोकरी तुझी."

"येवंदे तर. कोंबडी-वडे करतंय." मग तिने समोरच्या देवळाच्या पायरीकडे मान उडवली. तिथे दिवाबत्ती आटपून शिवा रोजच्यासारखा फोन कानाला लावून बसला होता. "हेंका बघ. बाप नि लेक तासभर गजाली करतत. आवशीक काय, तर 'जेवलंस?'"

दुसऱ्या दिवशी निलेशने अठ्ठावीसचा व्हिडिओ टाकला. सगळे आलेखवाले चोवीस म्हणत होते. निलेश म्हणाला, चुकलो तर चॅनल बंद. दोन दिवसांत तो व्हिडिओ जगभर फिरला.

चतुर्थी झाल्यावर प्रोसेसर आला. चोवीस कोर.

वेबसाइटवाल्यांनी फोन घेणं बंद केलं. 'येतलो'खाली एकजण लिहून गेला, 'गेलो!' त्याला हजारावर लोकांनी अंगठे दिले. शेवंतीकाकीने कोंबडी परत खुराड्यात सोडली.

निलेश चपला न काढता देवळात शिरला, मग परत बाहेर जाऊन काढून आला.

"काका, देव चुकलो!"

"देव चुकात कसो?" शिवाचा चेहरा उतरला होता. तो पाषाण पुसत होता. पुसून झाल्यावर पुन्हा पुसत होता. "अठ्ठावीसच होते, रे. माका... देवाक पक्का म्हायत होता."

बाहेर रिक्षा थांबली. तन्वी उतरली. तिच्यामागून दोन बॅगा, मिक्सर, गादीची वळकटी आणि ऑफिसातली असते तशी चाकांची खुर्ची उतरली.

"सगळाच सामान हाडलंस?" निलेशने विचारलं.

"नोकरीवरसून काढल्यानी," तन्वी पायरीवर बसत म्हणाली. "तो प्रोसेसर आमच्याच टीमन केल्लो. वर्षभर आतल्यो खबरी भायर फुटत होत्यो. म्हणान ह्या येळाक प्रत्येकाक मुद्दाम येगळो खोटो आकडो सांगल्यानी. कोणाक तीस, कोणाक बत्तीस. अठ्ठावीस फक्त माका."

देवळात पाषाण पुसायचा आवाज थांबला.

"आता खरा सांग निलेश, तुका अठ्ठावीस कोणी सांगल्यान?"

"देवान."

"देवाक मधी हाडू नको!" तन्वीचा आवाज फुटला. "ता मी जगात एकाच माणसाक सांगलंय, फोनार. बाबांक. नि तेंका काय कळता त्यातला?"